'व्हूडू' म्हणजे करणी नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत शब्दांविषयी जे सदर येते, त्यात गेल्या आठवड्यात 'व्हूडू' या शब्दाचा अर्थ 'काळी जादू, करणी' असा एका ओळीत दिला होता. हे सदर मी आवडीने वाचतो आणि त्यातील नोंदी कापून ठेवतो. ही नोंद मात्र वहीत चिकटवायला हात धजावला नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पश्चिम आफ्रिकेतील आजच्या बेनिन देशात, म्हणजे पूर्वीच्या दाहोमे राज्याच्या मुलखात, फोन नावाची भाषा बोलली जाते. तिच्यात 'वोदुन' म्हणजे देवता, डोळ्यांना न दिसणारी दैवी शक्ती. त्या किनाऱ्यावरून आणि काँगोच्या परिसरातून धरून नेलेली लाखो माणसे अटलांटिकपलीकडे सँ-दोमिंग या फ्रेंच वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, उसाच्या मळ्यांवर राबवली गेली. प्रत्येक गुलामाला कॅथलिक बाप्तिस्मा दिलाच पाहिजे, असे १६८५ च्या फ्रेंच कायद्याचे फर्मान होते. तरीही या माणसांनी आपापले देव जपले, एकमेकांचे देव आपलेसे केले आणि त्यातून जो धर्म उभा राहिला त्याला हैतीत 'वोदू' म्हणतात. १७९१ च्या ऑगस्टमध्ये ब्वा कायमां येथे झालेल्या वोदू विधीतून गुलामांच्या बंडाची ठिणगी पडली, असे हैतीची परंपरा सांगते. त्या बंडाची परिणती १ जानेवारी १८०४ रोजी हैतीच्या स्वातंत्र्यात झाली.

या धर्माचे शब्द पाहिले की ती माणसे कुठकुठून आली होती, याचा नकाशाच समोर येतो. देवतांच्या एका मोठ्या कुळाला 'रादा' म्हणतात. हे नाव बेनिनमधील आलादा या जुन्या राज्याचे. लोखंडाचा आणि युद्धाचा देव 'ओगू' हा पश्चिम आफ्रिकेतील योरुबा लोकांचा ओगुन. सर्वांच्या वर असलेला परमेश्वर 'बोंद्ये' आहे आणि हे नाव सरळ फ्रेंचमधले, 'बाँ द्यू' म्हणजे भला देव. मात्र तो फार दूर असतो, म्हणून रोजच्या सुखदुःखात 'ल्वा' नावाच्या देवतांना साद घालायची. मेलेल्यांचे आत्मे पाण्याखालून जिथे जातात त्या पूर्वजांच्या भूमीला 'गिनें' म्हणतात, म्हणजे गिनी, म्हणजेच दुरावलेली आफ्रिका. पिढ्यान्‌पिढ्या परक्या मातीत राबलेल्या माणसांनी परलोकाला आपल्या मायदेशाचे नाव दिले, हे वाचताना मला भरून येते.

विधीची सुरुवात लेग्बा या ल्वाच्या आळवणीने होते, कारण दोन जगांमधले फाटक तो उघडतो. त्यामुळेच किल्ल्या धरलेल्या संत पीटरच्या चित्रात भक्तांना लेग्बा दिसतो. देवळाच्या मध्यभागी 'पोतो मितां' हा खांब असतो, आणि त्याच्याभोवती पुरोहित मक्याचे पीठ चिमटीत धरून जमिनीवर 'वेवे' काढतो. प्रत्येक ल्वाची आकृती वेगळी, आणि नाचणाऱ्या पावलांखाली ती पुसली जावी हेच अपेक्षित. दारात रोज रांगोळी घालणाऱ्या आपल्या वाचकांना ही चिमट आणि ते पीठ यांविषयी अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. ल्वा ज्याच्या अंगात येतो त्याला 'श्वाल' म्हणजे घोडा म्हणतात, कारण देव त्याच्यावर स्वार होतो. मराठीत अशा माणसाला 'झाड' म्हणण्याची पद्धत आहे. तेव्हा ही कल्पना आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही.

'झाँबी' या शब्दाचे तर सर्वांत जास्त हाल झाले. काँगोच्या परिसरातील किकोंगो भाषेत 'न्झांबी' म्हणजे ईश्वर किंवा 'न्वुंबी' म्हणजे मृताचा आत्मा, या दोहोंपैकी एकाशी अभ्यासक त्याचे मूळ जोडतात. हैतीतील झाँबी चित्रपटांतल्या चालत्या प्रेतासारखा माणसांना खात नाही. मेल्यावर कुणीतरी आपल्याला उठवील आणि आपली इच्छा काढून घेऊन पुन्हा शेतात राबवील, ही तिथली भीती आहे. लोक झाँबीला घाबरत नाहीत, आपण झाँबी होऊ म्हणून घाबरतात. गुलामाला मरणाने तरी सुटका मिळावी, आणि तीही हिरावली जाण्याचा धाक या शब्दात साठलेला आहे.

मग करणीचा अर्थ चिकटला कसा? १९१५ ते १९३४ या काळात अमेरिकी फौजांनी हैती ताब्यात ठेवला होता. त्याच सुमारास अमेरिकेत हैतीविषयी भडक प्रवासवर्णने खपली आणि १९३२ साली हॉलिवुडने झाँबीवर चित्रपटही काढला. टाचण्या टोचलेली बाहुली आपल्याला तिथूनच ठाऊक झाली. हैतीच्या वोदूत तिला काही स्थान नाही. दुष्ट हेतूने मंत्रतंत्र करणारे तिथेही आहेत, पण त्यांच्यासाठी 'बोको' हा वेगळा शब्द आहे, आणि देवळातील पुरोहिताला 'ऊंगान' व पुरोहित स्त्रीला 'मांबो' म्हणतात. बदनामीची झळ हैतीतही पोचली. १९४१-४२ मध्ये चर्चच्या मोहिमेत देवळांतील ढोल आणि पूजेच्या वस्तू जाळल्या गेल्या. २००३ मध्ये सरकारने वोदूला धर्म म्हणून मान्यता दिली, तेव्हा कुठे ऊंगानाने लावलेले लग्न कायद्याने ग्राह्य ठरले.

अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने २०१२ मध्ये आपल्या विषयसूचीतील 'व्हूडूइझम' हे शीर्षक बदलून 'वोदू' केले. आपल्या सदरातही धर्माविषयी लिहिताना 'वोदू' असे लिहावे आणि त्याचा अर्थ 'हैतीतील, आफ्रिकी मुळे असलेला धर्म' असा द्यावा, ही विनंती. करणी, मूठ, चेटूक, भानामती हे आपले शब्द आपल्या जागी समर्थ आहेत; त्यांच्यासाठी दुसऱ्याच्या देवाचे नाव उसने घ्यावे लागत नाही. दुरुस्ती छापून आली की ते कात्रण मी वहीत चिकटवीन.

आपला,
एक निवृत्त भाषाशिक्षक, सातारा