जुन्या बाजारातली खुर्ची आधी उलटी करून पाहा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सणासुदीच्या तोंडावर घरसजावटीच्या पुरवण्या निघतात. हल्ली त्यांत जुन्या वस्तूंना मानाचे पान असते. जुन्या बाजारातली खुर्ची, वाड्याच्या दाराचे केलेले टेबल, कोपऱ्यात पितळी घंगाळ आणि घंगाळात मनीप्लांट. फोटो देखणे असतात. पण वस्तू टेम्पोतून उतरल्यापासून दिवाणखान्यात मांडेपर्यंत जे पंधरा-वीस दिवस जातात, त्यांबद्दल एक ओळ नसते आणि घोळ नेमका तिथेच होतो. लोक आधी पॉलिश करून घेतात आणि खुर्ची डुगडुगायला लागली की मग सांधे बघतात. क्रम असा हवा: आधी कीड, मग सांधे, मग सफाई आणि पॉलिश सगळ्यांत शेवटी, तेही खरेच लागणार असेल तर.

पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार असो, मुंबईत मटण स्ट्रीटचा चोर बाजार असो किंवा ओशिवऱ्याची फर्निचरची दुकाने, जाताना पिशवीत टॉर्च, मापाची टेप, छोटे लोहचुंबक, थोडा कापूस आणि स्पिरिटची लहान बाटली असू द्यावी. घराचे दार, जिन्याचे वळण आणि लिफ्टची आतली मापे कागदावर लिहून न्यावीत. सहा फुटी कपाट लिफ्टमध्ये तिरपे बसेल, या भरवशावर घेतलेले बरेचदा वर चढवण्याच्या हमालीतच महाग पडते. काही जुनी लाकडी कपाटे पाचरी ठोकून उभी केलेली असतात. पाचरी काढल्या की फळ्या सुट्या होतात. तेवढे विक्रेत्याला विचारून घ्यावे.

खुर्ची किंवा टेबल पसंत पडले की पहिल्यांदा उलटे करा. वरून कोणीही रंग काढतो, बुडाखाली कोणी मेहनत घेत नाही. सागवान खालूनही सोनेरी-तपकिरीच दिसते आणि नखाने खरवडले तर तेलकट, कातड्यासारखा वास येतो. खाली पांढुरके लाकूड आणि वर सागवानी रंग असेल तर ते दुसरेच काही आहे. फळीच्या रेषा कडेवरून वळून टोकापर्यंत गेलेल्या दिसतात का ते पाहा. कडेला थर दिसले, तर प्लायवर सागाचे व्हिनिअर, म्हणजे पातळ पापुद्रा, चिकटवलेले आहे. वाईट नाही, पण सागाच्या भावाने घेऊ नये.

वाड्यांचे जुने वासे, तुळया वखारीत घनफुटावर मिळतात. हिशेब सोपा: लांबी फुटांत, रुंदी व जाडी इंचांत, तिन्हींचा गुणाकार करून 144 ने भागायचे. 8 फूट लांब, 6 बाय 4 इंचांची तुळई म्हणजे सुमारे 1.33 घनफूट. साग असेल तर तिचे वजन 25 किलोच्या आसपास भरते. उचलायला फारच हलकी लागली, तर आतून पोखरलेली असण्याची शक्यता धरावी. असल्या लाकडावरून लोहचुंबक फिरवल्याशिवाय ते करवतीवर चढवू देऊ नका. मोडलेले खिळे आत राहिलेले असतात, पाते दातासकट जाते आणि मिस्त्रीचा दिवसही.

आता कीड. वाळवी मातीच्या नळ्या करते आणि ठोकल्यावर लाकूड पोकळ वाजते. लाकूड पोखरणारा भुंगेरा वेगळा. त्याची भोके टाचणीच्या डोक्याएवढी असतात आणि त्यांतून पिठासारखा भुसा गळतो. तो सागाच्या पक्क्या गाभ्याच्या वाटेला सहसा जात नाही, कडेचा फिकट भाग खातो. नुसती भोके दिसली म्हणून वस्तू टाकून देऊ नये, ती पन्नास वर्षांपूर्वीचीही असू शकतात. भुसा झटकून टाका, वस्तू बाल्कनीत काळ्या कागदावर पंधरा दिवस ठेवा. कागदावर ताजे पीठ दिसले, तर कीड जिवंत आहे. पॉलिश उतरवलेल्या लाकडावर 1 लिटर गरम पाण्यात 60 ग्रॅम बोरॅक्स आणि 40 ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून ब्रशने दोन-तीन हात द्यावेत आणि भोकांत ते इंजेक्शनच्या सिरिंजने सोडावे. पॉलिशवरून लावले तर आत शिरतच नाही, फुकट जाते. हे द्रावण पाण्याने धुऊन जाते, म्हणून उघड्या गॅलरीतल्या बाकाला त्याचा उपयोग नाही.

ढेकणांची गोष्ट निराळी. नुसत्या उन्हाने ते मरत नाहीत, सांध्यांत आत सरकतात. खाट किंवा वेताची खुर्ची घेतली तर सांध्यांत औषध मारून दहा दिवसांनी पुन्हा मारायचे, कारण पहिल्या वेळी वाचलेली अंडी तोवर फुटलेली असतात. जुन्या सोफ्याचे कापड आणि फोम मात्र सरळ टाकून द्यावेत, फक्त सांगाडा घ्यावा.

सांध्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त नुकसान इथे होते. जुन्या खुर्च्यांत कुसू, म्हणजे लाकडाच्या टोकाला काढलेली जीभ, भोकात बसवून सरसाने चिकटवलेले असते. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला गोंद. वर्षानुवर्षे तो वाळतो, चुरा होतो आणि खुर्ची कुरकुरायला लागते. ही दुरुस्ती सोपी आहे. पण मिस्त्री काय करतो? सांध्यात फेव्हिकॉल ओततो आणि वरून दोन इंची खिळा ठोकतो. फेव्हिकॉलला लाकूड हवे असते. मध्ये सरसाचा जुना थर असेल तर तो धरत नाही. खिळ्याने कुसू उभे चिरते. सहा महिन्यांनी खुर्ची पुन्हा डुगडुगते आणि आता कुसू तुटलेले असल्यामुळे ती खऱ्या अर्थाने नादुरुस्त होते.

योग्य रीत अशी. सैल सांध्यावर गरम पाण्यात पिळलेले फडके पंधरा-वीस मिनिटे गुंडाळून ठेवा, सरस मऊ पडतो. लाकडी हातोडीने, मध्ये कापडाची घडी धरून, सांधा हळूहळू सोडवा. प्रत्येक तुकड्यावर खडूने खूण करा, नाहीतर चार पायांतला कोणता कुठला हे कळत नाही. कुसवावरचा आणि भोकातला सरस गरम पाण्याने व बोथट पटाशीने पूर्ण खरवडून काढा आणि लाकूड दोन दिवस सुकू द्या. मग फेव्हिकॉलचा पातळ हात दोन्ही बाजूंना. कुसू सैल बसत असेल तर त्यावर सागाची पातळ कपची चिकटवा. भुसा आणि फेव्हिकॉलची लापशी भरू नका, ती भार घेत नाही. लाकडे आवळून धरणारा शिकंजा नसला तरी अडत नाही. पायांभोवती सुतळीचे चार वेढे घेऊन त्यांत काठी घालून पीळ द्यायचा आणि काठी पायाला अडकवून ठेवायची. खुर्ची सपाट फरशीवर ठेवून चारही पाय टेकतात याची खात्री वाळण्याआधी करावी. 24 तास कोणी बसू नये.

वेताची बैठक खाली झोळली असली, पण वेत तुटलेला नसला, तर विणकऱ्याकडे जायची घाई नको. खुर्ची उलटी करून बैठकीला खालच्या बाजूने गरम पाण्याचे ओले फडके अर्धा तास लावा आणि रात्रभर वाळू द्या. वेताच्या वरच्या चकचकीत सालीतून पाणी शिरत नाही, म्हणून खालून. वाळताना वेत आक्रसतो आणि बैठक ताणून बसते. तुटलेली असेल तर चौकटीला भोके आहेत की खाच, ते पाहून घ्या. भोके असतील तर हाताने विणावी लागते, कामाला दिवस लागतात. खाच असेल तर तयार जाळी बसवून वर वेताची पट्टी ठोकतात, काम स्वस्तात होते.

ड्रॉवर अडकत असेल आणि बाहेर पावसाळा असेल, तर रंधा लावू नका. लाकूड दमटपणाने फुगलेले असते. आत्ता रंधलेत तर जानेवारीत फट पडेल. सरकपट्टीवर मेणबत्ती घासा.

पॉलिशकडे येऊ. आहे तो लेप कशाचा आहे, हे कापसाच्या बोळ्याने कळते. मागच्या बाजूला स्पिरिटचा बोळा अर्धा मिनिट दाबून धरा. चिकट झाले तर चपड्याचे, म्हणजे लाखेचे, पॉलिश. स्पिरिटने काही झाले नाही आणि थिनरने विरघळले तर लॅकर. दोन्हींनी ढिम्म राहिले तर व्हार्निश, ऑइलपेंट किंवा पीयू (पॉलियुरेथेन). चपड्याचे असेल तर शक्यतो खरवडू नये. निम्म्या वेळा नुसती घाणच असते. कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब, घट्ट पिळलेले फडके, लगेच कोरडे पुसणे. मेणचट थर राहिला तर टर्पेंटाइन. मग 1 लिटर स्पिरिटमध्ये 150 ग्रॅम चपडा रात्रभर भिजवून, गाळून, कापडाच्या पुरचुंडीने पातळ हात द्यावेत. पावसाळी हवेत हे काम काढले तर पॉलिश पांढुरके धुरकट होते, आणि दोष मात्र चपड्याला दिला जातो.

जवसाचे तेल वापरणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. तेलाची फडकी चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकली, तर सुकताना ती तापत जातात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. ती दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

आणि ते हिरवे-पिवळे रंगवलेले जुने दरवाजे! रंग अर्धवट घासून ‘विटका’ देखावा करायची सध्या हौस आहे. भारतात घरगुती रंगांतील शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगांत ती हमी नाही आणि वाड्याचा दरवाजा तर कितीतरी आधीचा. कोरड्या पॉलिशपेपरने घासल्यावर उडणारी धूळ शिशाची असू शकते, लहान मुलांना ती सर्वांत बाधते. मशीनने घासू नका, हीटगनने रंग जाळू नका. पेंट रिमूव्हर लावून पत्तीने काढा, उरलेले ओल्या वॉटरपेपरने, तेही घराबाहेर, चांगला मास्क लावून. निघालेला चिखल पिशवीत बांधून टाका, बागेत ओतू नका. रंग काढायचाच नसेल तर वरून व्हार्निशचा पारदर्शक लेप द्या म्हणजे पोपडे सुटणार नाहीत.

पितळेला लोहचुंबक लावले आणि ते चिकटले, तर आत लोखंड आहे. समई घेताना तिचे सगळे भाग उघडून पुन्हा फिरवून बसवून बघा. आटे झिजलेली समई सरळ उभी राहत नाही आणि तेल भरल्यावर ते कळून फायदा नसतो. चिंच आणि मिठाने पितळ-तांबे उजळते, पण धुऊन लगेच कोरडे केले नाही तर दुसऱ्या दिवशी डाग. चिंच लावूनही ठिपक्या-ठिपक्यांनीच उजळत असेल, तर त्यावर लॅकर मारलेले आहे, आधी ते थिनरने काढावे लागते. शोभेच्या भांड्याला कल्हई लागत नाही. पण त्याच भांड्यात कधी काही शिजवायचे किंवा आंबट ठेवायचे मनात आले, तर कल्हईवाला गाठावाच, नाहीतर पदार्थ कळकतो. घंगाळात माती भरू नका. खताच्या क्षारांनी पितळ हिरवे होऊन झिजते. कुंडी आत ठेवा, आणि फुले तरंगवायला पाणी भरलेत तर आठवड्याच्या आत बदला, डासांना घंगाळ फार आवडते.

जुने दिवे, हंड्या घेतल्या तर आतली वायर कितीही शाबूत दिसली तरी पूर्ण बदला. कापडी वेष्टणातले रबर हात लावताच भुकटी होते. धातूच्या दिव्याला अर्थिंगची तिसरी तार हवीच.

राहिला झोपाळा. जुन्या पितळी कड्यांचा झोपाळा मिळाला की लोक हरखतात आणि कड्या उजळायला बसतात. त्याआधी प्रत्येक कडी दुसरीवर टेकते ती जागा पाहा. झीज तिथेच होते. तिथली जाडी चतुर्थांश कमी झाली असेल, तर ती कडी बदला. तीन माणसे बसली की फळीसह अडीचशे किलोपर्यंत भार होतो आणि झोका घेताना तो आणखी वाढतो. हा भार स्लॅबमध्ये प्लॅस्टिकचा गट्टू ठोकून बसवलेल्या हुकावर टाकणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. हुक तुळईतून किंवा स्लॅबच्या आरपार जाऊन वरून पट्टीवर आवळलेला हवा, अथवा जाणत्याकडून केमिकल अँकर, म्हणजे भोकात रासायनिक गोंद भरून पक्का केलेला बोल्ट, बसवून घ्यावा. जुन्या इमारतीत गंजलेल्या सळयांवर हे करण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. फळी जमिनीपासून 16 ते 18 इंच, पुढे-मागे मोकळी जागा किमान तीन-तीन फूट.

शेवटी कायद्याचे थोडे. शंभर वर्षांपूर्वीच्या कलावस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात. जुन्या मूर्तींसारख्या काही प्रकारांची नोंदणी करावी लागते आणि खासगी व्यक्तीला अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी राहणाऱ्या लेकी-सुनांच्या बॅगेत आजेसासूबाईंचे देव किंवा जुनी समई घालून देणाऱ्यांनी, वस्तू तेवढी जुनी नाही असे पुरातत्त्व खात्याचे प्रमाणपत्र आधी काढून घ्यावे. विमानतळावर त्यावरच अडते. हस्तिदंताची मूठ किंवा हरणा-सांबराच्या शिंगांची खुंटाळी कोणी ‘आजोबांच्या वेळची’ म्हणून विकत असेल, तर ती वन्यजीव कायद्यात बसते. तिला हात लावू नये.

आपला,
एक वाचक, पुणे