पदं कुणाची, तेही छापा

महोदय,

वटपौर्णिमेच्या पुरवणीतला सावित्रीवरचा लेख आवडला. गुस्ताव होल्स्ट या इंग्रज संगीतकाराच्या 'सावित्री' या संगीतिकेचा उल्लेख मात्र त्यात हवा होता. १९१६ साली लंडनमध्ये तिचा पहिला प्रयोग झाला. जेमतेम अर्धा तास, तीन गायक, बारा वादक आणि आडून गाणाऱ्या बायका. सुरुवातीला एकही वाद्य नाही. आतून यमाचा नुसता आवाज येतो. शब्दही होल्स्टचेच, त्यामुळे शब्दांवरून भांडायला कुणी नव्हतं!

माझ्या नशिबी ते सुख नाही. आमच्या हौशी मंडळासाठी सध्या छोटी संगीतिका लिहितोय. तार षड्जावर, म्हणजे वरच्या 'सा'वर, 'मृत्यू' म्हणताना गायिकेचा गळा आवळायचा. 'काळ' केल्यावर आवाज मोकळा झाला. पण यमक गेलं, आणि चार ओळी पुन्हा लिहाव्या लागल्या. बाकीची जोडाक्षरं तर पेटीवाल्यांनी आधीच बाद केली होती.

मागच्या प्रयोगाचं परीक्षण छापून आलं (आपल्याकडे नव्हे). त्यात गायिका, संगीतकार, तबलजी, अगदी नेपथ्यकारसुद्धा होते. पदं कुणाची, एवढंच नव्हतं. आपले परीक्षक ते नाव देतील का? शेवटच्या ओळीत दिलं तरी चालेल.

– एक पदलेखक, मिरज