अडीच इंच: दाबून की सैल?

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. फाटकापासून पोर्चपर्यंतचा रस्ता डांबरी करायचं अखेर ठरवलंस, फार बरं केलंस. तीन कोटेशनं आली आहेत, तिन्हींत चौरस फुटाचा दर आहे आणि सगळ्यात महाग कोटेशन स्वस्ताच्या जवळपास दीडपट आहे, असं लिहितोस. कुठलं घेऊ म्हणून विचारलंस. माझं ऐकशील तर तूर्त कुठलंच घेऊ नकोस. चौरस फुटाच्या दरात जाडी दिसत नाही, आणि या कामात पैसा असतो तो जाडीतच. आधी किती माल लागेल ते तू स्वतः काढ, मग कोटेशनं वाचायला घे.

तू पाठवलेल्या आकृतीवरून मी हिशोब मांडलाय. सरळ पट्टा २० मीटर लांब आणि ३ मीटर रुंद, म्हणजे ६० चौरस मीटर. फाटकाजवळ तोंड ३ मीटरवरून ५ मीटरपर्यंत रुंदावतं, लांबी २ मीटर. सरासरी रुंदी ४ धरली की ८. पोर्चपुढची गाडी वळवायची जागा ६ बाय ६, म्हणजे ३६. एकूण १०४ चौरस मीटर. फाटकाजवळचा तो पसरट भाग बरेच जण मोजायचा विसरतात आणि काम संपता संपता माल कमी पडतो. गरम माल, म्हणजे डांबर मिसळलेली खडी, थोडासा आणखी मागवणं फार महागात जातं, कारण ट्रक अर्धा रिकामा आला तरी भाडं पूर्णच लागतं.

आता डांबराचा थर. घरच्या गाड्या आणि अधूनमधून एखादा टेम्पो एवढीच वर्दळ असेल, तर खालचा पाया पक्का असताना रोलरने दाबून झाल्यावर ६० मिलिमीटर मला योग्य वाटतात. १०४ गुणिले ०.०६ म्हणजे ६.२४ घनमीटर. दाबलेल्या डांबरी मालाचं वजन घनमीटरला साधारण २.३५ टन भरतं, त्यामुळे झाले १४.७ टन. कडेला सांडणं, खालच्या थराची उंचसखलता यासाठी पाच टक्के वाढव, साडेपंधरा टन धर. हा आकडा कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेव, पुढे कामाला येईल.

कोटेशनांत तुला ‘अडीच इंच’ असं लिहिलेलं दिसेल. तिथे लगेच विचार: दाबून की सैल? पेव्हरमधून, म्हणजे माल पसरणाऱ्या यंत्रातून, पडलेला माल रोलरखाली साधारण पाचवा हिस्सा बसतो. अंतिम ६० मिलिमीटर हवे असतील तर पसरताना ७५ लागतात. अडीच इंच सैल पसरून वर रोलर फिरवला की हातात दोनच इंच उरतात. तुझ्या जागेवर या अर्ध्या इंचाच्या फरकाचा अर्थ तीन टनांहून जास्त माल. महाग आणि स्वस्त कोटेशनातलं अंतर बऱ्याचदा इथेच सापडतं, आणि त्यात लबाडीच असते असं नाही. एकजण सैल जाडी बोलतो, दुसरा दाबलेली. म्हणून तिघांकडूनही ‘दाबून ६० मिलिमीटर’ असं लेखी घे.

पण सुहास, माझा खरा जीव अडकलाय तो खालच्या थरात. डांबर हा वरचा कातडीसारखा भाग. भार पेलते ती खडी आणि तिच्याखालची जमीन. पाया डांबराच्या कडेपेक्षा दोन्ही बाजूंना १५ सेंटिमीटर बाहेर हवा, नाहीतर कडा चाकाखाली तुटतात. त्यामुळे पायाचं क्षेत्र ११२ चौरस मीटरच्या आसपास जातं. दाबून १५० मिलिमीटर धरले तर १६.८ घनमीटर, आणि सैल खडी सव्वापट लागते म्हणून २१ घनमीटर. ब्रासमध्ये (शंभर घनफुटांचा एक) सांगायचं तर साडेसात ब्रास. खडी मागवताना नुसती एका मापाची नको. मोठी, बारीक आणि चुरी अशी मिसळ हवी, पाणी मारून रोलरखाली ती घट्ट बसते.

हे १५० मिलिमीटर मुरमाड, कडक जमिनीसाठी. तुझ्याकडे काळी चिकण माती निघाली तर २५० पर्यंत जावं लागेल आणि खडीचा आकडा दीडपटीच्याही पुढे जाईल. म्हणून कोटेशनावर बोलण्याआधी दोन-तीन ठिकाणी हातभर खोल खड्डे घेऊन बघ. खोदकाम झाल्यावर त्या जमिनीवरून भरलेला ट्रक सावकाश चालवायला सांग आणि चाकामागे उभा राहून जमिनीकडे बघत राहा. जिथे माती दबून पुन्हा वर येते, ती जागा उकरून खडीने भरायची. त्यावर डांबर कितीही जाड घाल, तडे तिथेच जाणार. या जादा कामाचा घनमीटरचा दर आधीच ठरवून घे, ऐनवेळी घासाघीस करता येत नाही.

खोदकामाचाही खर्च दोन भागांत येतो. ११२ चौरस मीटर गुणिले २१ सेंटिमीटर (पाया १५ आणि डांबर ६), म्हणजे साडेतेवीस घनमीटर माती. पण उकरली की ती फुगते, ट्रकमध्ये भरायला २९-३० घनमीटर होते. ती न्यायची कुठे आणि कोणाच्या खर्चाने, हे कोटेशनात नसेल तर तो भार तुझ्यावर येणार. पोर्चकडून पाणी बाहेर जावं म्हणून दर मीटरला २ सेंटिमीटर ढाळ ठेव, आणि तो ढाळ पायातच काढायला लाव. खडीने जे स्वस्तात होतं ते डांबराने भरत बसू नये.

खडीवर प्राइम कोट, म्हणजे पातळ डांबराचा फवारा हवा, साधारण चौरस मीटरला पाऊण ते एक किलो. त्यात फार पैसा नाही, तरी वगळू देऊ नकोस.

पैशाचं म्हणशील तर आपल्या साडेपंधरा टन मालात शुद्ध डांबर जेमतेम आठशे किलो असतं, वजनाने पाच-साडेपाच टक्के. तरी मालाच्या किमतीत सगळ्यात मोठा वाटा त्याचाच. त्याचा दर खनिज तेलाबरोबर हलतो, म्हणून कोटेशन किती दिवस चालेल ते लिहून घे. पेव्हर आणि रोलर आणण्या-नेण्याचा खर्च तुझं काम शंभर चौरस मीटरचं असो की पाचशे, सारखाच. लहान कामाचा चौरस फुटाचा दर म्हणूनच चढा दिसतो. शेजाऱ्याचंही काम निघत असेल तर दोन्ही एकाच दिवशी करा, खरी बचत तिथे आहे.

आता तो जपून ठेवलेला आकडा. कामाच्या दिवशी प्रत्येक ट्रकची वजनकाट्याची पावती स्वतः घे. एकूण टनांना १०४ ने भाग, मग २.३५ ने, आलेल्या उत्तराला हजाराने गुणलं की सरासरी जाडी मिलिमीटरमध्ये मिळते. बारा टन आले तर उत्तर ४९ येईल, आणि ६० चे पैसे देण्याआधी तुला बोलता येईल. रोलर माल गरम असतानाच फिरायला हवा. ९० अंशांच्या खाली माल उतरला की तो नीट बसत नाही, आणि पातळ थर तर फार लवकर निवतो. ट्रक आल्यावर कामगार जेवायला गेले असं होऊ देऊ नकोस.

खड्डे घेतलेस की मातीचे फोटो पाठव, ओली आणि सुकी दोन्ही. तिन्ही कोटेशनांच्या प्रतीही जोड. मी तिन्ही एकाच मापावर आणून, दाबलेली जाडी आणि पाया धरून, तुला परत लिहितो. तोवर आगाऊ रक्कम कोणालाच देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
विनायक