फोन तांदळाच्या डब्यात

डोंबिवली,
चैत्र शुद्ध तृतीया

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

विट्याला मामीने हे पाकीट हातात ठेवल्यावर तू पहिल्यांदा काय विचारलं असशील ते मला इथे बसून ऐकू येतंय. सगळे ठीक आहेत, काही झालेलं नाही. फोनवरही सांगता आलं असतं, पण विषयच असा आहे की तो फोनवर बोलणं म्हणजे दारूबंदीची सभा गुत्त्यात भरवण्यासारखं. आधी अडीच रुपयांचं अंतर्देशीय आणलं होतं. ते माझ्या प्रस्तावनेतच भरून गेलं. मग पाच रुपयांचं पाकीट घ्यायला परत पोस्टात गेलो, तर खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "राखी का? इतक्या लवकर?"

तर बेत असा आहे. द्वादशीला आपण चौघं वेळासला जातोय. रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात, समुद्राकाठी. पौर्णिमेला परत. आणि माझा फोन, आईचा फोन, तुझा फोन, कानातली ती पांढरी बोंडं, चिनूचा टॅब, माझा लॅपटॉप, सगळं घरी राहणार. बंद करून. तांदळाच्या डब्यात. (भिजलेला फोन तांदळात ठेवतात ना, आपले न भिजताच जातील.) डबा कपाटात, कपाटाची किल्ली शेजारच्या काकूंकडे.

आता तू म्हणशील, दहावी संपली, तीन महिने सुट्टी, आणि पहिली गोष्ट काय केली तर फोन काढून घेतला. तसं नाहीये. ही शिक्षा असलीच तर माझी आहे. का, ते सांगतो.

दिवाळीत मालवणला गेलो होतो. जेटीवरून सिंधुदुर्गाकडे जाताना होडीत तू माझ्या शेजारी बसली होतीस. वारा होता, तू केस एका हाताने धरून काहीतरी सांगत होतीस. मी कामाच्या ग्रुपवर कुणाला तरी उत्तर देत होतो. मधे "हं" म्हणालो, "बरोबर" म्हणालो, शेवटी "छान" म्हणालो. होडी लागली, तू उतरलीस. जानेवारीत मी अकरावी सायन्सच्या क्लासचं पत्रक घेऊन घरी आलो, तेव्हा आईने ते टेबलावर पालथं ठेवलं आणि म्हणाली, "अहो, तिला आर्ट्सला जायचंय. होडीत तुम्हाला सांगितलं तिने. तुम्ही छान म्हणालात."

मी त्या रात्री मालवणचे फोटो बघितले. एकशे बारा निघाले. महाराजांच्या हातापायाचे चुन्यातले ठसे आहेत, तटबंदी तर सगळ्या बाजूंनी आहे. तू बोलते आहेस असा एकही नाही. त्या वेळी फोन दुसऱ्या कामात होता.

त्याच आठवड्यात मी तिकिटं काढली. हल्ली रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, ते उघडलं त्या सकाळी मी खिडकीवर होतो. घरबसल्या दोन मिनिटांचं काम, हे माहीत आहे. पण तिकीट कागदाचं हवं होतं, म्हणून तो लांबुळका फॉर्म भरला, चौघांची वयं लिहिली (तुझं पंधरा लिहून खोडून सोळा केलं) आणि पाऊण तास रांगेत उभा राहिलो. ठाण्याहून सकाळची मांडवी एक्सप्रेस, खेडपर्यंत. खिडकीची जागा मिळाली तर चिनूशी भांडू नकोस, निम्मा-निम्मा रस्ता वाटून घ्या. खेडच्या अलीकडे नातूवाडीचा बोगदा लागतो, चार किलोमीटरहून लांब. खेडहून मंडणगडची एसटी, तिथून पुढे वेळासची. तू आणि आई अर्ध्या तिकिटात, चिनूही अर्ध्या तिकिटात, पूर्ण पैसे भरणारा मी एकटाच.

आणि एक कबुली. आजीने मागे तुमच्या बाजूच्या मोहित्यांच्या वडगावची गोष्ट सांगितली होती, आठवते? संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही, मोबाईल बंद. 2022 पासून. मला वाटलं, अख्खं गाव करतं तर आपल्याला काय अवघड आहे. तुझ्या परीक्षेच्या महिन्यात सात ते साडेआठ घरात शांतता असायची ना? तुला वाटलं, तुझ्या पेपरांसाठी. निम्मं तुझ्यासाठी, निम्मं माझी चाचणी चालली होती. पहिल्या दिवशी मी तीनदा उठून कपाटापाशी गेलो. दुसऱ्या दिवशी चिनूने विचारलं, "बाबा, लाईट गेलेत का?" तिसऱ्या दिवशी फडके रोडला भाजी घेताना खिसा थरथरला. हात घातला तर आत फक्त घरची किल्ली. म्हणजे फोन घरी आणि थरथर माझ्याजवळ. हे वाचून तू हसशील ते ठीक, पण चिनूला सांगू नकोस.

खरं अवघड काम पुढेच आहे, आणि तिथे तुझी मदत लागेल. फोन काढून ठेवायचा म्हटल्यावर कळलं की आपण एक वस्तू काढत नाही आहोत, घरातले आठ-दहा गडी एकदम रजेवर पाठवतोय. घड्याळ, गजर, नकाशा, पाकीट, बॅटरी, कॅमेरा, पंचांग, पत्त्यांची वही, सगळे तेच. त्यांची कामं आता आपल्यात वाटायची.

पैसे माझ्याकडे. रोख नेतो, त्यात दहा-वीसच्या नोटा भरपूर, कारण कंडक्टरपुढे पाचशेची नोट धरली की तो आपल्याकडे बघतच नाही. गजर आजोबांच्या किल्लीच्या घड्याळाकडे. त्याला रोज रात्री किल्ली द्यायची ही चिनूची जबाबदारी, तो आत्तापासूनच दिवसातून चारदा देतोय. बहुतेक द्वादशीपर्यंत स्प्रिंग तुटेल. माझ्या मनगटावर आजोबांचंच एचएमटी. फोन नंबर तू लिही. वहीच्या एका पानावर दहा नंबर, तुझ्या अक्षरात. मी परवा आठवून बघितलं, मला माझा आणि आपला जुना लॅण्डलाईनचा, एवढे दोनच नंबर पाठ आहेत, आणि लॅण्डलाईन काढून नऊ वर्षं झाली.

आईची अडचण खरी होती. "विट्याला माझी आई आहे. रात्री काही झालं तर?" त्यावर मी दोन दिवस गप्प होतो. मग वेळासला ज्यांच्या घरी उतरणार त्यांना विचारलं. तिथे हॉटेल असं नाही, गावकरी आपल्याच घरात पाहुण्यांना ठेवतात. त्यांचा नंबर मामाला दिलाय. निरोप आला की ते आपल्याला हाक मारतील. पूर्वी चाळीत एकाच घरात फोन असायचा आणि खालून "अमक्यांच्याऽऽ" अशी आरोळी यायची, तसंच. तो नंबर मामाने फ्रिजवर चिकटवलाय का, तेवढं बघून घे.

कॅमेऱ्यावरून घरात जोरात वाद झाला. चिनूचं म्हणणं, साधा कॅमेरा चालेल. मग त्याने विचारलं, बॅटरी चालते तर कॅमेरा का नाही? मला उत्तर आलं नाही. हुकूमशाहीने "नाही" म्हटलं. तुझी चित्रांची वही आण.

वेळासच का, ते अजून सांगितलंच नाही. तिथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री किनाऱ्यावर येतात, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि समुद्रात निघून जातात. पिल्लांशी त्यांची गाठ पडत नाही. पूर्वी ही अंडी कोल्हे-कुत्री उकरायची, माणसंही न्यायची. 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. पहाटे किनाऱ्यावर मादीची फरपटत गेलेली खूण शोधायची, अंडी हलक्या हाताने काढायची, कुंपणाच्या आत तेवढ्याच खोलीवर पुन्हा पुरायची. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात. वाळू किती तापली यावर ती नर की मादी ते ठरतं, जास्त ऊब मिळाली तर माद्या. सकाळ-संध्याकाळ घरट्यावर झाकलेली टोपली उचलून बघतात. पिल्लं असली तर सगळ्यांसमोर सोडतात, नसली तर नसली. आपल्या चार दिवसांत एकही पिल्लू न निघण्याची शक्यता आहे, चिनूच्या मनाची तयारी तू कर. माझं तो ऐकत नाही.

आणि ही गोष्ट वाचली तेव्हा मी ठिकाण पक्कं केलं. अंधारात वर आलेलं पिल्लू जिकडे जास्त उजेड दिसेल तिकडे चालतं. मोकळ्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राकडे असतो, आकाशाचा, पाण्यावरून आलेला. किनाऱ्यावर दिवे असले तर पिल्लू पाठ फिरवून गावाकडे चालायला लागतं. दीड-दोन इंचांचा जीव, चमकणाऱ्या चौकोनाकडे निघालेला. मला ओळखीचं वाटलं.

आता तुझ्यासाठी गणित. (दहावीचं संपलं, हे शेवटचं.) भरती कधी, ओहोटी कधी, हे मी फोनवर बघायचो. कोकणात तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. म्हणजे अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, भरती सहाला. सकाळी आणि संध्याकाळीही. त्यात साधारण सहा तास मिळवले की ओहोटी. थोडं इकडेतिकडे होतं, पण समुद्रावर जाताना तेवढं कुणाला लागतं? मी त्रयोदशीचं काढलं, भरती पावणेदहाला येते, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पाणी पार आत गेलेलं असेल. द्वादशी, चतुर्दशी आणि पौर्णिमा तू काढ. पौर्णिमेजवळ उधाण असतं, म्हणजे भरतीचं पाणी जास्त चढतं आणि ओहोटीला तितकंच लांब जातं. कालनिर्णय मी भिंतीवरून काढून पिशवीत घातलंय. खिळा तेवढा राहिलाय, आई रोज सकाळी त्याच्याकडे बघते.

दुपारी तिथे काहीही नसेल. हे आत्ताच सांगून ठेवतो. सोलकढी-भात खाऊन आई झोपेल, ऊन वाळूवर तडतडेल आणि तुम्हाला दोघांना भयंकर कंटाळा येईल. मलाही येईल. पत्ते घेतलेत, मेंढीकोटाला चौघं पुरतात. त्यापलीकडे मी काही ठरवलेलं नाही आणि ठरवणारही नाही. नाना फडणविसांचं मूळ गाव हेच, तेव्हा कुणाला इतिहासाचा उत्साह आलाच तर तिकडे जाऊ. बाणकोटचा किल्ला जवळ आहे, सावित्री समुद्राला मिळते तिथे. पण मागच्या वेळेसारखं "आता हे बघून झालं, आता ते" असं माझं चालू झालं, तर मला थांबव.

एक दिवस मात्र वेशवीच्या धक्क्यावर जायचंय. तिथून खाडीपलीकडे बागमांडल्याला फेरी जाते, पुढे हरिहरेश्वर. तिच्यात गाड्याही चढवतात, माणसंही उभी असतात, फार वेळ लागत नाही. सायन्सचं ते पत्रक मी रद्दीत दिलं. अकरावीचा विषय मी काढणार नाही. तुला काढायचा असला तर फेरीत काढ, नसला तर पाणी बघू. तुझ्या बाजूला वाऱ्याचा त्रास होत असेल तर जागा बदलून घेऊ.

दशमीच्या एसटीने मामा तुला आणून सोडतोय. आजीला नमस्कार सांग. तिचा गुडघा कसा आहे ते तिला विचारू नकोस, ती बरा आहे म्हणेल. जिना चढताना बघ आणि मला सांग.

तुझा,
बाबा

ता. क. : विट्याच्या बाजारात स्टेशनरीच्या दुकानात लाल जिलेटिनचा कागद मिळाला तर दोन ताव आण. बॅटरीच्या काचेवर लावायचाय, म्हणजे रात्री किनाऱ्यावर तिचा उजेड कमी टोचेल. चिनू म्हणतो, त्या बॅटरीत सेल कुणी घालायचे हेही आत्ताच ठरवा. ते काम तुझं.