नफा झाला तर झाला, लाजतोस कशाला

प्रिय मित्रा,

तुझा परवाचा लांबलचक मेसेज वाचला. "यंदा वर्कशॉपला नफा बरा झालाय पण कुणाला सांगायला कसंतरीच वाटतं" हे वाचून आधी हसू आलं, मग जरा रागच आला. फोनवर बोललो असतो पण तू मधेच तोडतोस आणि विषय भलतीकडे जातो, म्हणून लिहूनच काढतो, निवांत वाच.

आधी मला सांग, तो आकडा नफा आहे तरी का? तू पाठवलेल्या शीटमध्ये तुझा स्वतःचा पगार कुठेच नाही, जागा आपलीच म्हणून भाडं शून्य, घरचे पैसे घातलेस त्यावर व्याज शून्य, मशीनचा घसारा, म्हणजे झिजेचा खर्च, तर तू अंदाजपंचेच लावलायस. अरे हेच काम दुसऱ्याकडे केलं असतंस तर पगार मिळाला असता की नाही? ते सगळं वजा कर आणि मग जे उरेल त्याला नफा म्हण. बऱ्याच लहान धंद्यांत मालक आपलीच मजुरी आणि आपल्याच पैशांचं व्याज घेत असतो आणि लोक म्हणतात केवढं कमावतोय.

बरं, एवढं करूनही उरलं, तर उरू दे की. धंद्यात सगळ्यांचं ठरलेलं असतं, कामगाराचा पगार, सप्लायरचं बिल, बँकेचा हप्ता, फक्त मालकाचं ठरलेलं नसतं, उरलं तर त्याचं, नाही उरलं तर खिशातून. ऑर्डरी थांबल्या होत्या तेव्हा पगार तू घरातून दिलेस, त्यावेळी कुणी आलं नव्हतं तोटा वाटून घ्यायला.

तू इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंगचं उदाहरण दिलंस, की त्याने आणि त्याच्या जोडीदारांनी 1923 साली इन्सुलिनचं पेटंट टोरंटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकलं आणि आपण मार्जिन मोजत बसतो. मोठीच माणसं ती, वादच नाही. पण पुढचंही बघ ना, टोरंटोच्या लॅबला मोठ्या प्रमाणावर इन्सुलिन बनवणं जमेना, तेव्हा ते काम जमवलं एली लिली या नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीने, आणि मग ते हजारो पेशंटपर्यंत पोचलं. त्याग आणि धंदा दोन्ही लागले.

आणि नफा नको म्हणणाऱ्यांचं काय झालं तेही बघ. सोव्हिएत रशियात कारखान्यांना टार्गेट वजनात किंवा नगांत मिळायचं, तर त्यांच्याच क्रोकोडिल या विनोदी नियतकालिकात कार्टून आलं होतं, एकच अवाढव्य खिळा, टनाचं टार्गेट पूर्ण! तो खिळा वापरणार कोण हे विचारायची कुणाला गरजच नव्हती. शेवटी 1962 मध्ये लिबरमन नावाच्या त्यांच्याच अर्थतज्ज्ञाने थेट प्रावदामध्ये, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाच्याच वर्तमानपत्रात, लिहिलं की कारखान्याचं काम नफ्यावरून जोखा. प्रावदामध्ये, विचार कर! माल कुणाला तरी हवाय आणि तो बनवताना त्याच्या किमतीपेक्षा जास्त सामान फुकट गेलेलं नाही, एवढं तरी नफ्यातून कळतं.

पण एवढंच कळतं. नफा चांगल्या मार्गाने आला का हे त्या शेवटच्या आकड्यात दिसत नाही, त्यासाठी वरच्या ओळी वाचाव्या लागतात. मी अकाउंट्समध्ये होतो तेव्हाची एक मोठी कंपनी, नाव जाऊ दे, तिथे लहान व्हेंडरचं बिल पास झालेलं असायचं, सही झालेली असायची, तरी पेमेंट तीन-तीन महिने धरून ठेवायचे. त्यातला एकजण महिनाअखेरीला नेमाने फोन करायचा, "साहेब, पोरांचे पगार करायचेत, थोडं बघा ना", आणि इकडे मीटिंगमध्ये खेळतं भांडवल छान सांभाळलं म्हणून टाळ्या. तो व्हेंडर बाहेरून व्याजाने पैसे उचलायचा, ते व्याज यांच्या नफ्यात जमा. वर्षाच्या शेवटी देणगीचा मोठा चेक आणि फोटो, तो वेगळाच. मला विचारशील तर देणगी राहू दे, आधी त्या माणसाचं बिल वेळेवर दे.

मिल्टन फ्रीडमन या अमेरिकन अर्थतज्ज्ञालाही लोक अर्धाच सांगतात. 1970 च्या त्या गाजलेल्या लेखात धंद्याची जबाबदारी नफा वाढवणं असं आहे खरं, पण त्याच दमात नियम पाळून, खुल्या स्पर्धेत, फसवणूक न करता असंही आहे. (नियमच पैसे लावून आपल्या सोयीचे करून घेतले तर काय, याला मात्र त्याच्याकडे धड उत्तर नाही असं माझं मत.)

आता तुझा खरा प्रश्न, तो तू अगदी शेवटी हळूच टाकलायस. गिऱ्हाइकाच्या कारखान्याची लाइन बंद पडली, रात्रीत पार्ट हवा होता आणि तू दुप्पट लावलेस. हे 2015 च्या डॅराप्रिमसारखं झालं का, असं तुला वाटतंय. तिथे अनेक दशकं जुनं औषध, कंपनीने हक्क विकत घेऊन एका गोळीचा भाव साडेतेरा डॉलरवरून साडेसातशे केला, औषधात नवीन काही नाही, पेशंटला दुसरीकडे जायची सोय नाही. तुझं तसं नाहीये रे. तू माणसांना रात्री थांबवलंस, दुसऱ्याची ऑर्डर मागे ढकललीस, आणि गिऱ्हाइकाला दुसरी वर्कशॉपं होतीच. पण एक मला खटकलं, दुप्पट हा आकडा तू खर्च मांडून काढलास का त्याचा रडवेला आवाज ऐकून? मेसेज परत वाचला, तर मला वाटतंय, आवाज ऐकूनच.

म्हणून अर्जंट कामाचा दर आत्ताच ठरव, ओव्हरटाइम धर, मागे पडलेल्या ऑर्डरचा फटका धर, वर मार्जिन घे, चांगलं घे, आणि तो दर कोटेशनच्या खाली छापून टाक म्हणजे सगळ्यांना सारखाच. त्या गिऱ्हाइकाचा हिशोबही याच दराने परत कर, फरक निघाला तर पुढच्या बिलात वळता कर आणि त्याला तसं स्पष्ट सांग. रात्री थांबलेल्या पोरांना ओव्हरटाइम दिलास का ते लिहिलं नाहीस, ते कळव.

तुझाच,
मी