ॲम्बेसेडरच्या क्लचचे दुखणे ओळखणाऱ्या मिस्त्रीभाऊंस

आदरणीय मिस्त्रीभाऊ,
स. न. वि. वि.

आमच्या मार्क ४ ॲम्बेसेडरचा क्लच तुम्ही गिअरबॉक्स न उतरवता ठीक करून दिलात, त्याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांसमोर लिहिण्याचे कारण असे की, वर्धा-यवतमाळच्या खेड्यांत टिनाच्या शेडखाली अशा गाड्या अजूनही जपून ठेवलेल्या आहेत आणि २०१४ साली पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात उत्पादन थांबल्यापासून त्यांची नस जाणणारे कारागीर कमी होत चालले आहेत. तुम्ही तपासणी कोणत्या क्रमाने केलीत, हे त्या गाड्यांच्या मालकांनाही कळावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

इंजिन सुरू असताना पहिला गिअर अडत होता आणि रिव्हर्स टाकताना कर्कश करकर होत होती. त्याआधी एका गॅरेजमध्ये क्लचप्लेट आणि प्रेशरप्लेट दोन्ही गेल्याचे सांगून मोठा खर्च काढण्यात आला होता. तुम्ही मात्र पान्याला हात लावण्याआधी इंजिन बंद ठेवून स्टीअरिंगजवळचा दांडा सगळ्या गिअरमधून फिरवून पाहिलात. गिअर अलगद पडले, तेव्हा दोष गिअरबॉक्सचा नसावा, असे तुम्ही म्हणालात. मग इंजिन सुरू करून पेडल पूर्ण दाबलेत, आतली चक्रे थांबेपर्यंत वाट पाहिलीत आणि रिव्हर्स टाकलात. तरीही करकर झाली, म्हणजे इंजिनापासून गिअरबॉक्स वेगळा करणारा क्लच पूर्ण सुटत नव्हता. त्यानंतर पेडल भराभर मारून लगेच गिअर टाकलात, तर तो बिनतक्रार पडला. गंजून फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या मागच्या जड चाकाला, चिकटलेली प्लेट अशी पेडल मारल्याने सुटत नाही. पेडल मारल्यावर फरक पडतो तो तेलाच्या दाबात, हे तुम्ही मला समजावून सांगितलेत. क्लच घसरतो का, तेही तुम्ही हँडब्रेक ओढून, वरच्या गिअरमध्ये पेडल हळूहळू सोडून तपासलेत. इंजिन लगेच बंद पडले, म्हणजे प्लेटची पकड शाबूत होती. माझ्या मते खरे निदान इथेच झाले होते.

“आंधी भायेरचं पाहू, मंग आतलं,” असे म्हणत तुम्ही बारदाना अंथरून गाडीखाली गेलात आणि माझ्या पुतण्याला पेडल दाबून धरायला सांगितलेत. या गाडीचा क्लच ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतो; त्या दाबाने क्लच ढकलणाऱ्या खालच्या स्लेव्ह सिलिंडरचा रॉड थोडासाच पुढे सरकला आणि पेडल दाबलेले असतानाही सावकाश मागे येऊ लागला. रबरी टोपणाची कड तुम्ही नखाने उचलली, तेव्हा तपकिरी थेंब तुमच्या बोटावर ओघळला. तो इंजिन ऑइलचा की ब्रेक ऑइलचा, हे पाहण्यासाठी तुम्ही बोट पाण्याखाली धरलेत. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून धुऊन जाते, इंजिन ऑइलचा तवंग मात्र राहतो. क्लचच्या तेलाच्या टाकीतली पातळीही उतरलेली होती. ती कायम राहून पेडल आपोआप खाली जात असते, तर संशय पेडलकडच्या, दाब तयार करणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या आतल्या रबरी कपावर घ्यावा लागला असता, हा बारकावा मला तुमच्याकडूनच कळला.

स्लेव्ह सिलिंडर उघडल्यावर आतल्या भिंतीवर गंजाचे खड्डे दिसले. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि आमची गाडी पावसाळाभर उभी असते, त्यामुळे असे होणारच होते. नुसते नवे कप टाकून माझे समाधान करणे तुम्हाला सहज शक्य होते. खड्ड्यांवर कप टिकणार नाहीत, असे सांगून तुम्ही नागपूरहून नवा सिलिंडर मागवलात आणि फुगलेली जुनी रबरी नळीही बदललीत. हवा काढताना पारदर्शक नळीचे टोक बाटलीतल्या तेलात बुडवून तुम्ही “दाब... धरून ठेव बाप्पा... आता सोड,” असे सांगत राहिलात आणि बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत निपल सोडला नाहीत. त्यानंतर रिव्हर्स आवाज न करता पडला, तेव्हा अंगणात जमलेल्या सगळ्यांचे चेहरे खुलले.

जाता जाता बेलहाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या आवरणाच्या, खालच्या छिद्रातली स्प्लिट पिन तुम्ही हलवून मोकळी केलीत, याचे मला विशेष कौतुक वाटते. या १४८९ सीसी इंजिनाच्या मागच्या बाजूने थोडे तेल झिरपण्याची खोड जुनीच आहे. ते छिद्र बुजले तर तेल आत साचून प्लेटपर्यंत जाते आणि गाडी उचलताना हादरे बसतात किंवा क्लच घसरू लागतो. ते काम तुम्हाला कोणी सांगितले नव्हते आणि त्याची मजुरीही तुम्ही घेतली नाहीत.

वडिलांनी हौसेने घेतलेली ही गाडी आता पुन्हा मंडईपर्यंत जाते. तुमच्या सांगण्याप्रमाणे टाकीच्या आतल्या बाजूला पातळीची खूण केली असून तेल तिच्या खाली गेले की लगेच कळवीन. कापसाचे चुकारे झाल्यावर मास्टर सिलिंडर दाखवायला गाडी घेऊन येतो. काकूंना माझा नमस्कार सांगावा.

आपला कृतज्ञ,
एक कास्तकार