पाव लिटरचा हिशेब

सोलापूर, रविवार

विन्या,

सात महिने पत्र नाही, फोन नाही. शिव्या घातल्या असशील, अजून घाल. गुडघा आहे तसाच, बीपीची गोळी चालू. पुढं.

गाडी घेतली बे. पेट्रोलची. अ‍ॅव्हरेजचा कंपनीचा आकडा लिटरला 20.6 किलोमीटर. तो म्हणे रोलरवर चाकं फिरवून, एसी बंद ठेवून काढतात. मे महिन्यात सात रस्त्याच्या सिग्नलला एसी बंद करून बसा म्हणावं! त्यात पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल, आणि त्याच्यात ताकद पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच. आपल्याच जिल्ह्याचा ऊस आपलंच अ‍ॅव्हरेज खातोय. त्यामुळं 20 मी धरलंच नव्हतं. डॅशबोर्ड 18 दाखवतो, त्याच्यावरही भरवसा नाही. आपली जुनी पद्धत: टाकी फुल, ट्रिपमीटर शून्य, परत फुल, भागाकार.

405 किलोमीटरला 26.8 लिटर. म्हणजे 15.1! रात्री झोप लागेना. ही म्हणाली, "गाडीतच जाऊन झोपा." पुढच्या वेळी 391 ला 21.8, म्हणजे 17.9. पंप तोच, रस्ता तोच, चालवणारा मीच. मग पेटली. पहिल्यांदा पोरानं नोझल खट करून आपोआप बंद झाल्यावर थांबवलं होतं. दुसऱ्यांदा "काका, राउंड फिगर करतो" म्हणत गळ्यापर्यंत ओतलं. तिसऱ्यांदा परत खट. दोन्ही मिळून धरलं तर 16.4, आणि तेच खरं.

पण विन्या, पंपावर उभ्याउभ्या मला तुझी ती लाल बाईक आठवली. 1997, अक्कलकोट, जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर. तू म्हणायचास 72, मी काढलं 58 आणि कँटीनमध्ये सगळ्यांसमोर तुला थापाड्या ठरवलं. पैज हरलास म्हणून पार्टी दिलीस आणि दोन महिने बोलला नाहीस. (बाळ्यानं तीन प्लेट खाल्ल्या होत्या, त्याचंही बिल तुझ्यावरच.)

निघताना टाकी फुल केली तेव्हा बाईक साइड स्टँडवर होती बे! टाकी तिरकी, कमी मावलं. आल्यावर मेन स्टँडला लावून मीच हलवून हलवून भरलं. 1.38 लिटर बसलं. त्यातलं पाव लिटर काढ, 71 येतं. तू एकनं खोटा, मी तेरानं. अठ्ठावीस वर्षं हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि तूही भांडायचं सोडून रुसून बसलास. ते रुसणं मला अजून पटलेलं नाही.

पमीचं जमलं का कुठं? वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल, कळव.

पार्टी माझ्याकडं लागू. ये एकदा, स्टेशनवर गाडी घेऊन येतो. फक्त सासरेबुवांसमोर अ‍ॅव्हरेजचा विषय काढू नकोस. त्यांना मी 20 सांगितलंय.

तुझा,
सुध्या